चार डिस्क आणि अर्धी कढी

आई, तुझा डबा मरतोय.

शनिवारी सकाळी बाबांचा फोन आला. "अगं, डबा ओरडतोय." ओरडतोय म्हणजे काय, विचारलं, तर त्यांनी फोनच त्याच्यासमोर धरला. माझ्या तोंडात ब्रश होता आणि कानात बीप, मध्ये थोडी शांतता, परत बीप, आयसीयूमध्ये वाजतं तसं. लाँड्री रूममध्ये वॉशरच्या वरच्या फळीवर तू स्वतः ड्रिल मारून बसवलेला तो काळा सर्व्हर, चार कप्पे, चार डिस्क, घरातलं झाडून सगळं त्यात. मी ओरडले, "बाबा, त्याला हात लावू नका, बंद करू नका, काही म्हणजे काही करू नका." ते म्हणाले, "मी कशाला हात लावतोय? पण भाजी अर्धी राहिलीये. तुझी आई मध्येच अडकलीये."

तू गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून सांगते. शेवटच्या उन्हाळ्यात आपण दोघींनी बाबांसाठी जे स्वयंपाकाचे व्हिडिओ केले ना, तू ओट्याशी, मी कॅमेरा धरून, ते बाबा रोज लावतात. गंमत म्हणून नाही, रोज. किचनमधल्या टीव्हीवर तू सुरू होतेस आणि बाबा कांदा चिरायला घेतात. तू म्हणतेस, "अहो, गॅस बारीक. बारीक म्हणजे बारीक," बाबा म्हणतात, "केला गं." तू म्हणतेस, "तेवढं तेल नका ओतू ना बापा, पुण्याच्या लोकांना ना अंदाजच नाही," आणि बाबा म्हणतात, "तुमच्या नागपुरात तर बादलीनं ओततात." तू उत्तर देत नाहीस, कारण तू पुढे मोहरीवर गेलेली असतेस, पण बाबा थोडं थांबतात, उत्तराला जागा ठेवतात. त्यांना सगळं तोंडपाठ आहे. तरी टीव्ही बिघडला होता तेव्हा तो दुरुस्त होईपर्यंत त्यांनी तिन्ही त्रिकाळ दूध घालून सीरिअल खाल्लं. मी वाढवून सांगत नाहीये. ते व्हिडिओ गेले तर बाबा जेवायचे थांबतील, आणि मला त्यावर काही उपाय माहीत नाही. मला मॅगी येते.

टू-सेव्हन्टी हायवेवरून तशीच डब्लिनच्या आपल्या घरी आले. तुझा पासवर्ड बाबांनी तोंडी सांगितला, माझं लाडाचं नाव आणि तुझ्या नागपूरच्या घराचा नंबर. आत शिरले तर स्क्रीनवर दुसरी डिस्क लाल, म्हणजे गेली. एक गेली तर उरलेल्या तिघी तिचं सांभाळून घेतात, हे तू मला पोळ्या लाटता लाटता शिकवलं होतंस, आणि दोन गेल्या की सगळं गेलं. आणि तिसरी केशरी होती.

केशरीचं तू मला कुठे सांगितलंस माहितीये? बर्फामुळे शाळेला सुट्टी होती, घरी ठेवायला कोणी नाही म्हणून तू मला तुझ्या ऑफिसात नेलंस, त्या थंडगार खोलीत जिथे भिंतीभर डिस्क घोंगावतात. तुझं जॅकेट मला गुडघ्यापर्यंत. तू रांगेतून चालतेस, बोट दिव्यांवरून हवेतच फिरवत, आणि एका ठिकाणी थांबतेस. मला दिवे दिवाळीसारखे दिसतायत. तू म्हणतेस, "हिरवा म्हणजे बरं चाललंय. लाल म्हणजे रडून उपयोग नाही. केशरी म्हणजे ती काहीतरी सांगतेय, ऐक." मी इंग्लिशमध्ये विचारते, हू इज शी? आणि तू म्हणतेस, "मराठीत विचार, सांगते." मी विचारलं नाही. गाल फुगवून बसले.

तर तिसरी सांगत होती. कोणाला? तुला. सेटिंगमध्ये बघितलं, इशारे पाठवायचा ईमेल तुझा, दुसरा कोणाचाच नाही. तुझा आयपॅड बाबांनी अजून चार्जरला लावून ठेवलाय, त्यावर पेपर वाचतात, तुझ्या मेलला हात लावत नाहीत. मी उघडला. आई, डबा तुला केव्हापासून लिहितोय. तापमान वाढले आहे. पंख्याचा वेग कमी आहे. पंखा बंद आहे. दुसऱ्या डिस्कवर चूक. तिसऱ्या डिस्कवर वाचताना चूक. कृपया लक्ष द्यावे. कृपया लक्ष द्यावे. एकाखाली एक, सगळे न उघडलेले, प्रत्येक वेळी तितकंच सभ्य, एकदाही चिडलेला नाही. मला वाटत होतं गेलेल्या माणसाला पत्रं लिहिणारी घरातली वेडी मी. डबा मला सीनियर निघाला.

पंखा का बंद, म्हणून टॉर्च घेऊन मागून बघितलं. जाळीच्या आत, पात्याच्या मुळाशी तांदळाचा दाणा. लालसर. कुंकवाचा.

तू दसऱ्याला डब्याची पूजा करायचीस ते आठवतं मला. आधी नीट बंद करायचीस, "आज त्यालाही सुट्टी," धूळ पुसायचीस, कप्पे एकेक ओढून बघायचीस, मग हळदकुंकू, दोन अक्षता फळीवर, डब्यावर नाही, आणि आपट्याची पानं मिळत नाहीत म्हणून मागच्या अंगणातल्या रेडबडच्या झाडाची, दिसायला तशीच. मला तेव्हा लाज वाटायची, मैत्रिणी आल्या तर काय सांगू. बाबांनी पूजा चालू ठेवली. फक्त डबा बंद करायची त्यांची छाती झाली नाही. इतकी वर्षं फिरणाऱ्या डिस्क एकदा थांबल्या तर परत उठत नाहीत असं त्यांनी कुठेतरी वाचलं, आणि ते अगदी खोटंही नाही. म्हणून चालू डब्यावर कुंकू, चालू डब्यावर अक्षता, लग्नात टाकतात तशा, मनापासून.

मी तो दाणा चिमट्याने काढला तेव्हा बाबा मागेच उभे होते. त्यांनी तळहात पुढे केला. मी ठेवला. "म्हणजे मीच," ते म्हणाले.

"बाबा, चारही डिस्क एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच वयाच्या. जायच्याच होत्या."

"तिने सेल बघून घेतल्या होत्या," बाबा म्हणाले. "चार घेतल्यावर एक केबल फ्री होती." आणि हसले, आणि मग हसू तसंच राहिलं आणि डोळे दुसरीकडे गेले, आणि त्यांनी मूठ मिटली. दिवसभर उघडली नाही. चहा डाव्या हाताने प्यायले.

आता तू म्हणशील, बॅकअप कुठंय. आठवीत मी माझा सायन्स प्रोजेक्ट चुकून खोडला आणि तुला म्हटलं चार डिस्क आहेत ना, दुसऱ्या डिस्कवरून काढ. तू फोडणी अर्धवट सोडून आलीस आणि असलं झापलंस. "चार डिस्क म्हणजे चार कॉप्या नव्हेत! तू खोडलंस तर चौघी मिळून इमानदारीने खोडतात. कॉपी ती, जी दुसऱ्याच्या घरी असते. आपल्या घराला आग लागली तरी त्यांच्या घरी जेवता आलं पाहिजे." म्हणून तू ती प्लेनोच्या काकांबरोबर अदलाबदल केली होतीस, त्यांचा छोटा बॉक्स आपल्याकडे, आपला त्यांच्याकडे. मी काकांना फोन लावला. मला एवढी खात्री होती की आधी तब्येत वगैरे विचारली.

"तो बॉक्स?" काका म्हणाले. मागे काकू काहीतरी तळत होत्या. "अगं, आम्ही टाउनहाउसमध्ये मूव्ह झालो ना, तेव्हा डाउनसाइझ केलं सगळं. तो डोनेट केला, यार. मी पुसून दिला हं, नीट पुसून, तुमचा डेटा म्हणून. मला वाटलं तुम्ही कधीच क्लाउडवर गेला असाल." मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. "का गं? काय होतं त्यात?" मी म्हटलं, काही नाही काका, फोटो. काका रिटायर झालेत, त्यांचं हार्टचं चालू आहे. काय सांगू?

तुझ्या बॅगेतली बाहेरची डिस्क होती, तीही लावून बघितली. त्यात माझा शाळेचा पहिला दिवस आहे, टॅक्सचे कागद आहेत, आजी आहे. व्हिडिओ नाहीत. ती कॉपी त्या उन्हाळ्याच्या आधीची. नंतर तुला जिना उतरायलाही जमत नव्हतं, तू बॅकअप कधी घेणार होतीस, आणि तू मला सांगितलं असणार, आणि मी ऐकलं नसणार, हेही आलंच.

म्हणजे जे काही होतं ते त्या केशरी डिस्कच्या जिवावर. नवी डिस्क लगेच घातली असती तर डबा स्वतःला परत बांधायला लागला असता, त्यासाठी तिघींना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं असतं, आणि तिसरी त्या दमणुकीत गेली असती. एवढं मला कळत होतं. बांधायचं नंतर. आधी जे सगळ्यात महत्त्वाचं ते बाहेर काढायचं, एकेक फाइल, जिथे वाचता येणार नाही तिथे सोडून पुढे जायचं, आणि कुठल्या फाइलवर ती जाईल सांगता येत नाही. दुकानातून बाहेरची डिस्क आणली, लावली, आणि बाबांना विचारलं, "पहिला कुठला?"

मला वाटलं गोळाभात म्हणतील, किंवा पाटवडी, ज्यात तू हसतेस.

"वरण," बाबा म्हणाले.

"वरण तुम्हाला झोपेत येतं!"

"त्यात ती खरी चिडलीये," बाबा म्हणाले. "बाकीच्यात आजारी आहे म्हणून चांगली वागतेय."

मग वरण. मग भाज्या, खिचडी, भाकरी, गोळाभात. मी वॉशरवर बसलेली, बाबा ड्रायरला टेकून उभे, टेबलफॅन डब्याच्या तोंडाशी, आणि आम्ही दोघं स्क्रीनवर कॉपीची रेघ सरकताना बघतोय. ती कुठेतरी थांबायची, डिस्क आतून टक् टक् करायची, बाबा डोळे मिटायचे, मग परत सरकायची. अशी माणसं मी हॉस्पिटलच्या त्या कॉरिडॉरमध्ये पाहिली होती. तीच माणसं. मला एका क्षणी असं झालं की लाथ मारावी डब्याला, असं लटकवून ठेवू नकोस, जायचं तर जा. नाही मारली. रविवार दुपारपर्यंत असं चाललं.

कढी सगळ्यात शेवटी होती. आम्ही दोघंही तिचं नाव घेत नव्हतो. ती तू सगळ्यात शेवटी केलीस, डोक्याला ती निळी ओढणी, ओट्याला धरून. बाबांनी तो व्हिडिओ कधीच लावला नाही. मीही नाही. कढी एवढी वर्षं आपल्या घरात शिजली नाही. आणि तिच्यातच रेघ अर्ध्यावर थांबली, टक् टक् झालं, आणि केशरीचं लाल झालं. मग डबा आपणहून गप्प झाला. पंखा नव्हताच, डिस्कही नाहीत. ती शांतता, आई. तू गेल्यावर तुझ्या खोलीत होती तशी.

मग बाबा म्हणाले, "जेवढी आलीये तेवढी लाव. ताक आहे घरात."

"बाबा, नंतर बघू या ना."

"नंतर नंतर करूनच अर्धी राहिली."

तर टीव्हीवर तू. बाबा बेसन कालवतायत, मूठ एकदाची उघडलेली, दाणा खिडकीत तुळशीच्या कुंडीत. तुझा आवाज बारीक झालाय, पण हुकूम तोच. आलं ठेचा. अहो, किसू नका, ठेचा. फोडणीवर ताक घाला. कॅमेरा हलतोय, तू मला म्हणतेस, "काहून गं, हात कापतोय तुझा?" आणि परत बाबांना, "आता ढवळत राहा. थांबायचं नाही हं, थांबलात की कढी फुटते. ढवळत राहा आणि," आणि तू थांबलीस. पळी हवेत, एक डोळा मिटलेला, चेहऱ्याचा उजवा भाग चौकोन चौकोन.

बाबा ढवळतायत.

"बाबा, अडकलाय तो. पुढे नाहीये."

"माहितीये."

कडेने फेस येतोय. वास सगळ्या घरभर. बाबा ढवळतायत, नजर टीव्हीवर, मनगट फिरतंय, थांबत नाही.

"बाबा, झाली असेल."

"तिने कुठे सांगितलं झाली म्हणून?" मग माझ्याकडे न बघता, "तू होतीस ना तिथे. पुढे काय म्हणाली ती?"

"म्हणाली, बास, उतरवा आता." मी टीव्हीकडे बघितलं. "म्हणाली, तुम्हाला येतं सगळं."

बाबांनी गॅस बंद केला. पळी पातेल्यातच राहिली. "असं म्हणाली?"

"हो."

"चिडून?"

"नाही. साधंच."

बाबा वाटीवर वाटी कढी प्यायले. गोड झाली होती, पुण्याची. आज सकाळी फोन केला तर म्हणाले भाजी केली, मी विचारलं कुठला व्हिडिओ लावला, तर म्हणाले, "लावायला विसरलो." विसरले की काय, देव जाणे. मला रडू आलं आणि कशाचं ते कळलं नाही.

हे तुला मेल करणार होते, तुझा पत्ता तर चालू आहे. पण पाठवलं की आयपॅड वाजेल, आणि बाबा हात पुसत बघायला जातील कोणाचं आलंय.

आणि त्यांनी हे वाचायला नको. आई, तू पुढे काय म्हणालीस ते मला आठवत नाही. मी सतरा वर्षांची होते, एका हातात कॅमेरा, डोळे बंद. ते वाक्य माझं आहे. मी रचलेलं काही बाबांना पटलं असं हे पहिलंच.