डावी बाजू बंद

सोम., १० फेब्रु.

साइटवर नऊला. आजपासून काम दिवसा. आमच्या मशीनच्या आवाजाने रात्री पेशंट झोपत नाहीत अशी धंतोलीतल्या हॉस्पिटलवाल्यांची तक्रार, म्हणून परवानगी बदलून घेतली. अर्ज मीच लिहिला. दोन पानं, मुद्देसूद. त्यात हे लिहिलं नाही की माझ्या रात्रपाळीत माझी लेक ओवी माझ्या आईजवळ झोपते आणि सकाळी मी दार उघडलं की माझ्याकडे पाहुण्यासारखी बघते. चार वर्षांची आहे.

रस्त्याची डावी बाजू बंद. जाणारे-येणारे सगळे उजव्या बाजूने. बारापर्यंत रांग चौकाच्या पार. एका स्कूटरवाल्याने शेषरावला आईवरून शिवी दिली. शेषराव मुकादम म्हणून पंचवीस वर्षं हेच ऐकतो आहे. म्हणाला, "दे बापा, आणखी एक दे. पर रस्ता त्यानं खुलत नाई."

घरी आले तरी कानात हॉर्न.

बुध., १२ फेब्रु.

काँक्रीट टाकलं. सकाळी सातला पहिला मिक्सर, मग दोन तास दुसरा नाही. आपणच केलेल्या जाममध्ये आपलेच मिक्सर. काँक्रीट ड्रममध्ये घट्ट होईल म्हणून जीव... पण झालं. चारला फिनिशिंग. गोणपाट अंथरून पाणी. दोन्ही टोकांना बॅरिकेड, साखळी, कुलूप. चौदा दिवस या स्लॅबवर कोणी चढायचं नाही.

अमितचा, ओवीच्या बाबाचा, पुण्याहून फोन. ओवीशी बोलला. मी झोपले म्हणून सांग, असं आईला खुणेने सांगितलं.

शनि., १५ फेब्रु.

सव्वाअकराला जाममध्ये अॅम्ब्युलन्स अडकली. खापरखेड्याहून आलेली. आत लकव्याचा पेशंट. पुढे सिटी बस, मागे जागा नाही. बाजूला आमची मोकळी स्लॅब. बॅरिकेड उघडून तिच्यावरून काढली. हॉस्पिटलचा बोर्ड तिथून दिसत होता.

स्लॅबला तडा नाही. दुपारी पुन्हा पाणी मारलं.

सातला घरी. ओवीची अंघोळ. जेवले.

रवि., १६ फेब्रु.

सुट्टी. कपडे धुतले. वाळले. घड्या केल्या.

सोम., १७ फेब्रु.

कुणीतरी मोबाइलवर शूटिंग केलं होतं. ओल्या गोणपाटावरून अॅम्ब्युलन्स जाते आहे, मी बाजूला हात करून उभी. पेपरात आतल्या पानावर चार ओळी: महिला इंजिनियरने प्रसंगावधान राखून रस्ता मोकळा केला. बोंद्रे सरांनी (आमचे प्रोजेक्ट मॅनेजर) ग्रुपवर टाकलं. अठ्ठावन्न अंगठे.

नाव सुजाताऐवजी सुनीता छापलंय. बरं वाटलं. दुसरीच कोणी.

आईने कात्रण कापून कपाटात ठेवलं. म्हणाली, "तुह्या बाबाले दाखवाले पायजे होतं." बाबांना जाऊन सहा वर्षं झाली.

मंगळ., १८ फेब्रु.

दुपारी एक बाई साइटवर आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, पायात स्लिपर, खांद्यावर हॉस्पिटलच्या कागदांची पिशवी. शेषरावला विचारत विचारत माझ्यापर्यंत. "गाडीसाठी रस्ता खोलला त्या मॅडम तुमीच काय?"

मी हो म्हणाले.

अॅम्ब्युलन्समधल्या पेशंटची बायको. शकुंतलाबाई. नवऱ्याचं नाव देवराव. खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनात क्रेन चालवतात. आठ महिन्यांनी रिटायर होणार. सकाळी चहा पिताना कप हातातून पडला, तोंड वाकडं झालं. यांनी लगेच शेजाऱ्याला उठवलं, तिथल्या दवाखान्यात नेलं, मोठ्या हॉस्पिटलात न्या म्हटल्यावर गाडी बोलावली. कुठे वेळ घालवला नाही.

"उजवं अंग गेलं. बोलनं गेलं. समजते सगळं, पर जीभ वळत नाई. डॉक्टर म्हणे, थोडं आधी आले असते तं सुई देता आली असती. टायम निघून गेल्ता म्हणे." मग माझा हात धरला. त्यांचा हात खरखरीत, गार. "तुमी रस्ता नसता खोलला तं आमी आणखी तिथीच रायलो असतो."

मी विचारलं, जेवल्या का. म्हणाल्या, हो.

दोघी खोटं बोललो बहुतेक.

बुध., १९ फेब्रु.

काँक्रीटचे सात दिवसांचे क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे ठोकळे, दाबून फोडले. पास. बाकी काही नाही.

गुरु., २० फेब्रु.

शनिवारचं मी नीट लिहिलं नाही. आता लिहिते.

११.१४ ला अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर उतरून माझ्याकडे आला. "मॅडम, साखळी खोला. ह्याच्यावरून काढतो, दोन मिनिटात पोचतो." मी म्हणाले, सरांना विचारते. बोंद्रे सरांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा. पुन्हा. मग ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्या साहेबाला. तोही नाही. ड्रायव्हर हात जोडून उभा. मग त्याने हात खाली केले आणि नुसता बघत राहिला. ११.२५ ला सरांचा उलटा फोन. "अगं उघड ना! त्यात विचारायचं काय?"

अकरा मिनिटं. फोनमध्ये सगळं आहे, वेळेसकट.

शकुंतलाबाई गाडीत आत होत्या. त्यांना वाटतं, ट्रॅफिकच होता.

आणि हे. त्याच दिवशी सकाळी साडेनऊला तीन दिवसांच्या क्यूबचा रिझल्ट माझ्या हातात आला होता. स्लॅबने अॅम्ब्युलन्सच काय, भरलेला ट्रक झेलला असता. मला माहीत होतं. माहीत असून विचारत राहिले. मागच्या साइटवर न विचारता एका स्कूलबससाठी गेट उघडलं तेव्हा मेमो मिळाला होता, ते कारण सांगता येईल. पण खरं तर तेव्हा मेमो आठवलाच नाही. काहीच आठवलं नाही. विचारायचं असतं म्हणून विचारलं.

हे लिहून रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं.

शुक्र., २१ फेब्रु.

बोंद्रे सर: आठ मार्चला, महिला दिनाला, ऑफिसात तुझा सत्कार. हेड ऑफिसला पाठवायला घटनेचा रिपोर्ट दे, दोन पॅरा. "त्यात 'तात्काळ' शब्द टाक. चांगला दिसतो."

टाकला. दोनदा.

शनि., २२ फेब्रु.

दुपारच्या सुट्टीत शेषरावला म्हणाले, मी त्या बाईंना सांगणार आहे. काय ते त्याला समजलं. डबा बंद केला त्याने.

"काहून सांगता? तुमच्या सांगन्यानं त्याइचा हात थोडीच उठते."

"नाही उठत."

"उद्या पोलिसात गेल्या तं? नोकरी जाईन. पोरगी लहान हाये तुमची."

जेसीबी सुरू झाला तेव्हा उठला, दोन पावलं गेला आणि परत आला. "मॅडम, किल्ली माह्या खिशात होती. मी बी उभाच होतो ना. मले बी सुचलं नाई. मी वाट पाहून राहिलो होतो का मॅडम कवा म्हणते म्हून."

त्याच्या तोंडून हे ऐकून काहीतरी वाटायला हवं होतं. इतकंच वाटलं, की याने आठ दिवस कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नसेल.

रवि., २३ फेब्रु.

हॉस्पिटलला गेले. जनरल वॉर्ड, खिडकीजवळची कॉट. देवरावजी उंच माणूस, पाय पलंगाच्या बाहेर येतात. उजवा हात उशीवर ठेवलेला, दुसऱ्याचा असल्यासारखा. माझ्याकडे बघत होते. नजर एकदम साफ.

शकुंतलाबाईंनी त्यांना मोठ्याने सांगितलं, "ह्याच त्या मॅडम. रस्तावाल्या." त्यांनी "हा" केलं. एवढाच एक आवाज येतो. होला हा, नाहीला हा, पाण्यालाही हा.

सांगायला गेले होते. शेजारच्या कॉटवरची माणसं सरकून बसली, मला स्टूल दिलं. पेपरात आल्या होत्या ना, असं कुणी म्हणालं. सफरचंदं ठेवली आणि आले.

शुक्र., २८ फेब्रु.

डावी बाजू खुली केली. आता उजवी बंद. जाम तोच, फक्त तोंड फिरलं. गांधीबागेत कापडाचं दुकान असलेले एक शेठजी दातांच्या डॉक्टरकडे निघाले होते, गाडीतून उतरून माझ्याशी भांडले. हे काम रात्री करायला काय होतं तुम्हाला, अक्कल आहे का. मी म्हणाले, बरोबर आहे. ते अजून चिडले.

स्लॅबवरून दिवसभर गाड्या गेल्या. मी एकदाही चालत गेले नाही, कडेकडेने गेले. संध्याकाळी लक्षात आलं.

मंगळ., ४ मार्च

शकुंतलाबाईंचा फोन. सुट्टी झाली, घरी नेलं. व्यायाम शिकवायला एक पोरगी येते. "याल ना मॅडम कवा खापरखेड्याले? हे तुमची वाट पाहते."

कशावरून, विचारणार होते. नाही विचारलं.

शनि., ८ मार्च

सत्कार. शाल, नारळ, गुलाबी फेटा. रिपोर्ट वाचून दाखवला. 'तात्काळ' दोन्ही वेळा आलं. टाळ्या. शेषरावलाही बोलावलं होतं, मागे दाराशी उभा होता. टाळ्या वाजवल्या नाहीत त्याने. बरं केलं.

शाल लोकरीची. मार्चमध्ये. आईने विचारलं, कसं झालं. छान, म्हणाले. ओवी शाल पांघरून घरभर फिरली.

रवि., ९ मार्च

खापरखेड्याला गेले. स्कूटीने, कोराडी रोडने. कॉलनीच्या मागे त्यांचं घर आहे, दोन खोल्या, पुढे गॅलरी. दोरीवर वाळत घातलेल्या चादरीवर राखेची बारीक पूड. शकुंतलाबाई नवऱ्याला वरणभात भरवत होत्या. मला पाहून "या ना, बसा" म्हणत उठायला लागल्या. मी म्हणाले, काकू, उठू नका. आधी ऐका.

उभ्यानेच सांगितलं. ड्रायव्हर आला होता, साखळी होती, किल्ली होती, स्लॅब पक्की होती आणि मला ते माहीत होतं. मी फोन लावत राहिले.

चमचा हवेत. "किती टायम?"

"अकरा मिनिटं."

त्यांनी चमचा भरवला. नवऱ्याचं तोंड पुसलं. अजून एक घास. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मग, माझ्याकडे न बघता, "तवा मी ह्याइच्या छातीवर हात ठेवून बसली होती. म्हणून राहिली होती, आता पोचतो, आता पोचतो."

मी अजून उभीच होते.

ताट ठेवून हात धुऊन आल्या. "मले काहून सांगता? माहं काय गेलं? मी बोलते, चालते. ह्याइले सांगा." आणि आत गेल्या. भांड्यांचा आवाज.

मी खाटेजवळ बसले आणि पुन्हा सगळं सांगितलं. पहिल्यापासून. या वेळी हळू. ते माझ्याकडे बघत होते, मग छताकडे, मग डोळे मिटले. "हा," म्हणाले. कशाला हा, कळलं नाही. डावा हात उचलला, पोटावर ठेवला. मी थांबले. त्यांचा श्वास एकसारखा झाला.

काकू दारात आल्या. "काय म्हणले?"

"हा म्हणाले."

त्यांनी वाकून नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. "झोपले हायेत. दुपारच्या गोळीनं असंच होते, अर्ध्यातच डोळा लागते. अर्धंच ऐकलं असन." पदराला हात पुसत राहिल्या. "पुढच्या आइतवारी सकाळून ये. गोळीच्या आधी. पुन्हा सांगजो."

या वेळी मला मॅडम म्हणाल्या नाहीत. येताना रस्त्यात लक्षात आलं.

गुरु., १३ मार्च

होळी, साइट बंद. शेषरावला फोन करून सांगितलं, सांगून आले. त्याने विचारलं, "काय म्हणल्या?"

"पुन्हा ये म्हणाल्या."

"मंग मी बी येऊ काय?"

नको, म्हणाले. मग म्हणाले, बघू.

शनि., १५ मार्च

बोंद्रे सरांनी पुढच्या टप्प्याचा परवानगीचा अर्ज लिहायला सांगितला. दिवसाचं की रात्रीचं, विचारलं. "तू ठरव, साइट तुझी आहे." कागद समोर ठेवून बसले. तारीख घातली. खाली काही लिहिलं नाही.

आईला सगळं सांगितलं. भाजी निवडता निवडता ऐकलं तिने. शेवटी एवढंच, "उद्या जाताना उपाशी नको जाऊ."

रवि., १६ मार्च

खापरखेडा. स्कूटीवर बसूनच लिहिते आहे, त्यांच्या घरासमोर. आठ वाजून दहा मिनिटं. शेषराव नाही आला, सकाळी फोन बंद होता. कुणाला दोष देत नाही.

काय सांगायचं ते येताना जुळवत होते. जुळत नाही. माफ करा म्हणायचं का, तेही ठरलेलं नाही. मागच्या वेळी म्हटलं नव्हतं, आत्ता लक्षात येतंय.

गॅलरीत व्यायामाची दोरी टांगली आहे, एका टोकाला लाकडी दांडी. हलते आहे. म्हणजे वारा, किंवा आत्ताच कोणी सोडली.

काकूंनी दार उघडलं. उंबऱ्यातूनच मला पाहिलं. हसल्या नाहीत. दार तसंच उघडं ठेवून आत वळल्या.

"जागे हायेत," म्हणाल्या. "ये वं."