प्रबोधदादा निवडून आला

बमरोली, सुरत

प्रिय आई, जय भीम.

आम्ही सगळे बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना?

प्रबोधदादा मैत्रीच्या शाळेच्या पालक समितीवर निवडून आला, हे त्याने तुला फोनवर सांगितलंच असेल. मराठी वर्ग टिकावा म्हणून त्याच्यासाठी मी आमच्या गल्लीतलं एकेक दार वाजवलं. "तुझी पोर ती माझी पोर," असं तो तेव्हा म्हणाला होता. बायकांनी कामावर खाडा करून त्याच्यासाठी हात वर केले. पेढे मी वाटले.

समितीच्या पहिल्याच बैठकीत मराठी वर्ग बंद करून मुलं गुजरातीत बसवायचा ठराव आला. सगळ्यात आधी दादाचा हात वर गेला. मी मागे दाराशी उभी होते. बाहेर आल्यावर म्हणाला, "करुणा, मला पुढे जायचंय. वरच्या लोकांना नाही म्हणता येत नाही. पोरगी शिकेल हळूहळू."

शेजारच्या सीताबाई म्हणाल्या, "पेढे तू वाटलेस, आता पोरांना गुजरातीही तूच शिकव."

मैत्री आता मागच्या बाकावर बसते. हजेरीला नाव घेतलं तरी बोलत नाही, असं तिच्या नव्या बाई सांगतात. जेवते मात्र नीट.

दादाचा फोन आला तर त्याचं कौतुक कर, काही विचारू नकोस. फक्त गावच्या शाळेत चौथीला मैत्रीला घेतील का, ते बघून ठेव. तिला एकटीने झोपायची सवय नाही. तुझ्याजवळ निजव.

तुझी लेक,
करुणा