गोलकीपरच्या बुटाची नाडी

"एकदा हातमोजे चढवले की मला नाडी बांधता येत नाही गं, तेवढी तू बांध ना," असे आमची गोलकीपर पहिल्या सामन्याआधी मला म्हणाली होती. तेव्हा आम्ही दोघी सतरा वर्षांच्या. त्यानंतर प्रत्येक सामन्याआधी मी तिच्यापुढे गुडघा टेकून दुहेरी गाठ मारली. मांजरासारखी झेप घ्यायची म्हणून सगळा संघ तिला मनी म्हणे.

मी, देशाच्या महिला फुटबॉल संघाची माजी बचावपटू आणि पुढे त्याच संघाची मुख्य प्रशिक्षक, उद्या हृदयाची शस्त्रक्रिया असल्याने, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने ही व्यवस्था लिहून ठेवत आहे. रागात आहे, पण राग शुद्धीतलाच आहे.

१. राहता फ्लॅट धाकट्या बहिणीला. बाल्कनीतल्या कपाटात माझे खेळायचे बूट आहेत. ते टाकायची तिला केव्हाची घाई आहे. माझ्या माघारी तरी जरा थांबावे.

२. बँकेतली शिल्लक संघाच्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे, मुलींच्या गुडघ्यांच्या उपचारांसाठी. महासंघाने त्यात हात घालू नये.

३. चाली आखायचा चुंबकी फळा महासंघाच्या सचिवांना. निर्णायक सामन्याचे मैदान पाहून मी संघ उतरवायला नकार दिला होता. कृत्रिम गवत फाटून खालचे सिमेंट दिसत होते. माझा गुडघा आणि माझा खेळ तसल्याच मैदानावर संपला. सचिव म्हणाले, "मॅडम, मैदान कसंही असलं तरी चेंडू गोलच असतो ना?" संध्याकाळी माझे पद गेले. फळ्यावर त्यांनी किराण्याची यादी लावावी.

४. माझी शिट्टी मनीला. त्या सामन्याच्या वेळी ती माझी सहायक प्रशिक्षक होती. कपडे बदलायच्या खोलीत, मुलींसमोर, आमचे झाले ते असे:

"अगं, सामना सोडला तर स्पर्धेतूनच बाद होऊ. पोरींनी किती घाम गाळलाय!"

"आणि एखादीचा गुडघा गेला तर? माझ्यासारखा?"

"तुझा गेला म्हणून सगळ्यांनी घरी बसायचं का? तू जा. मी उतरवते त्यांना."

तिने उतरवले. मुली जिंकल्या. एकीलाही खरचटले नाही. माझी खुर्ची तिला मिळाली. आजही ते मैदान दिसले तर मी नाहीच म्हणेन. पण निकाल सगळ्यांच्या लक्षात आहे, सिमेंट कोणाच्याच नाही.

सही: मी स्वतः
साक्षीदार: शेजारच्या दंतवैद्य बाई, क्लबच्या मैदानाचे गवत राखणारे काका
स्थळ: माझे जेवणाचे टेबल
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस

५. (सह्यांनंतर जोडलेले. काका "अजून आहेच का?" म्हणाले, पण दोघांनी पुन्हा सही केली.) मला घरातून शेवटचे नेण्याआधी कपाटातले बूट माझ्या पायांत घालावेत. तेव्हा मलाही वाकता येणार नाही. नाडी मनीने बांधावी, दुहेरी गाठ मारून. बहिणीने तिला फोन करावा. ती सराव आहे म्हणेल. तरी विचारावे.