निहूच्या गाडीचं माप

१ जानेवारी, गुरुवार

नव्या वर्षाची सुरुवात सासूबाईंच्या एका वाक्याने झाली. निहू (वय सहा) कॉलनीच्या रस्त्यावर सायकलवरून उतरून ती हाताने ढकलत आणत होती, कारण वाटेत खड्डा होता. सासूबाई म्हणाल्या, बापावर गेलीय. सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून किळस येतेय.

खुलासा, स्वतःसाठी. मी दुचाकी चालवत नाही. लोक म्हणतात, येत नाही. तसं नाही. एकोणिसाव्या वर्षी देवास रोडवर एकदा पडलो, पुढे स्टॅटिस्टिक्स घेऊन एम.एस्सी. केलं, आणि धोका म्हणजे काय ते आकड्यांतून समजलं. मला भीती वाटत नाही. मी शक्यता मोजतो. स्कूटर माझी बायको गौरी चालवते, मी मागे बसतो. मागून रस्त्याचं निरीक्षण चांगलं होतं. शेवटी मी नापतौल, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या, खात्यात निरीक्षक आहे.

पण निहूने जन्मभर कुणाच्या मागे बसू नये. या वर्षाचा संकल्प हाच. एकच.

४ जानेवारी, रविवार. सकाळी ७

सापडलं. ट्रायल्स!

ही वेगळीच मोटरसायकल असते. उभं राहून चालवायची, माणूस चालतो त्या वेगाने, दगड-विटा-ओंडक्यांवरून. पाय जमिनीला टेकला की एक गुण, आणि ज्याचे गुण सगळ्यांत कमी तो जिंकला. शून्य म्हणजे निर्दोष. बाकी सगळे खेळ पराक्रम मोजतात. हा चुका मोजतो. आमच्या खात्याने शोधून काढल्यासारखा.

लहान मुलांसाठी बॅटरीवरची मिळते. फायद्यांची यादी केली.

१. मोटर निःशब्द.
२. वेगाची मर्यादा पालकाच्या हातात.
३. सीट जवळजवळ नाहीच, त्यामुळे मागे कुणी बसू शकत नाही.

तिसरा मुद्दा लिहून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलो. हे मी निहूसाठी करतोय की स्वतःसाठी? प्रश्न नोंदवला. उत्तर पुढच्या रविवारी.

६ जानेवारी, मंगळवार

इंदूरच्या विक्रेत्याला फोन. तीन आकार आहेत: बारा, सोळा आणि वीस इंची चाकं. मी वय सांगायच्या आत तो म्हणाला, साहब, एक साइज बड़ी ले लो, बच्ची तो बढ़ेगी ही.

शिसारी आली. युनिफॉर्म वाढत्या मापाचा, बूट वाढत्या मापाचे, स्वेटरच्या बाह्या चार घड्या घालून. मी स्वतः आठवीपर्यंत बुटात कापूस कोंबून चाललो. ते मापाला यायच्या आत फाटले. म्हणजे माझ्या मापाचा बूट मी कधी घातलाच नाही. आणि नंतर लोक विचारतात, हा असा का चालतो.

निहूला बरोबर मापाची गाडी मिळेल. विक्रेत्याने तक्ता पाठवला. सोळा इंचीसाठी मुलाची कंबर जमिनीपासून किमान सदुसष्ट सेंटिमीटर हवी.

११ जानेवारी, रविवार

दाराच्या चौकटीला टेकवून, सरकारी शिक्क्याच्या स्टील पट्टीने निहूची कंबर मोजली. अडुसष्ट. पेन्सिलची रेघ मारली.

गौरी म्हणाली, झालं तर मग, सांग त्याला पाठवायला. मी म्हणालो, एका मापावर निर्णय घेतला तर माझ्यात आणि सराफ्यातल्या भामट्यात फरक काय? चार रविवार, चार मापं, मग सरासरी. तिने विचारलं, आणि शिकवणार कोण? मी म्हणालो, मीच. रोज संध्याकाळी, शेजारी उभा राहून. सगळे नियम पाठ आहेत.

निहू पोळीचा घास तोंडात तसाच धरून माझ्याकडे बघत होती. अतिशय गंभीर. विषयाची गोडी लागलेली दिसते.

(गेल्या रविवारच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. पुढच्या रविवारी.)

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

सुमीतने गाडी घेतली.

सुमीत म्हणजे गौरीचा भाऊ. माधव नगरात टाइल्सचं दुकान, मागे मोठं आवार. मी त्याला ट्रायल्सबद्दल विश्वासाने सांगितलं होतं, यादीसकट. त्याने त्याच दुपारी इंदूर गाठलं आणि आपल्या इशितासाठी सरळ वीस इंची उचलून आणली. इशिता आठ वर्षांची आणि काडी. माप? म्हणे, जिजाजी, कसलं माप, दो-तीन साल निकालेगी आरामात. आणि वर मलाच तिळगूळ दिला.

अशा माणसांमुळेच आमचं खातं चालतं. तोंड रात्रीपर्यंत कडू होतं.

१८ जानेवारी, रविवार

साडेसहासष्ट.

दीड सेंटिमीटर कमी. दोनदा मोजलं.

निहूने आज नवा परकर घातला होता. सासूबाईंनी भैरवगढच्या छापाच्या कापडाचा शिवलाय, अगदी जमिनीपर्यंत, पुढच्या वर्षीही यावा म्हणून. माप द्यायला चांगले कपडे हवेत, असं तीच म्हणाली. या वयात ही समज! पट्टीचा संशय येतोय.

१९ जानेवारी, सोमवार

पट्टी ऑफिसात तपासली. अचूक. ज्या पट्टीने अकरा वर्षं साथ दिली तिच्यावर संशय घेतला. लाज वाटली.

फरशीला उतार असावा. गवंड्याची लेव्हल आणून लावली. उतार नाही.

२५ जानेवारी, रविवार

पासष्ट. परकर तोच. ती म्हणते, हाच लकी आहे.

लोकांच्या घरी दाराच्या चौकटीवर मुलांच्या रेघा वर चढतात. आमच्याकडे खाली उतरतायत. कामवाल्या अहल्याबाईंनी पण बघितलं. म्हणाल्या, भैय्या, उल्टा क्यों लिख रहे हो?

गौरीला म्हटलं, मुलगी आखडतेय. गौरी म्हणाली, डॉक्टरकडे ने. तिचा आवाज जरा विचित्र होता. काळजीने असेल.

२७ जानेवारी, मंगळवार. संध्याकाळ

डॉक्टरांनी निहूची उंची घेतली. गेल्या ऑगस्टपेक्षा तीन सेंटिमीटर जास्त. मी रविवारची मापं कागदावर मांडून दाखवली. डॉक्टर हसले. रुग्णाच्या बापासमोर हसणारा डॉक्टर! मी वजनकाट्याकडे बघितलं. या वर्षाचा शिक्का नाही. तिथल्या तिथे नोटीस दिली. बाहेर रांगेतल्या बाया बघत होत्या. डॉक्टरांनी ती घडी करून टेबलाच्या काचेखाली ठेवली.

परतताना स्कूटरवर मागून गौरीचे खांदे हलताना दिसत होते. फार चिडली असावी. निहू मध्ये बसली होती, तीही हलत होती. थंडी आहे.

१ फेब्रुवारी, रविवार

त्रेसष्ट. आता ती बारा इंचीला मोठी आणि सोळा इंचीला छोटी. या मुलीसाठी जगात गाडीच नाही. मापं जुळेपर्यंत खरेदी स्थगित.

स्थगित लिहिताना हलकं वाटलं. हे हलकं वाटणं मला आवडलं नाही. घाण वाटलं. नोंदवून ठेवतो.

७ फेब्रुवारी, शनिवार

शनिवारी गौरी निहूला माधव नगरला नेते, इशिताशी खेळायला. मी घरी अभ्यास करतो. आज ट्रायल्सवाल्या बापांचे नऊ व्हिडिओ बघितले. सगळे बाप ओरडतात. एकाने तर पडलेल्या पोराला उठवायचं सोडून आधी गाडी उठवली. पाहून ओकारी आली. मी कधीही ओरडणार नाही. मी फक्त शेजारी उभा राहून बघेन.

निहू गुडघा खरचटवून आली. म्हणाली, घसरगुंडी. माधव नगरच्या बागेतल्या घसरगुंडीची चौकशी केली पाहिजे.

१५ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र

गावात दर्शनाला लाखो माणसं, रस्ते बंद, आमच्या गल्लीत चिटपाखरू नाही. हीच संधी. शिकवणाऱ्याने आधी स्वतः सराव करावा. पार्किंगमध्ये गौरीची स्कूटर मेन स्टँडवर होती. तिच्यावर चढलो आणि हँडल धरून बसलो. अकरा मिनिटं. स्टँडवरची गाडी हलत नाही हे मला माहीत आहे. तळहातांना घाम आला तो उन्हामुळे.

वर खिडकीत निहू होती. किती वेळची, माहीत नाही. तिथून ओरडली, बाबा, घट्ट धर हं!

आज माप घेतलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

बासष्ट. माप घेणं बंद.

७ मार्च, शनिवार. दुपारी २

हे जसं घडलं तसं लिहायचं. सारवासारव करायची नाही.

इशिताच्या सुरक्षेसाठी सतरा नियम टाइप केले होते. सुमीत मापाबाबत बेपर्वा असला तरी पोर आपलीच. ते द्यायला न कळवता रिक्षाने माधव नगरला गेलो. दुकानात सुमीत नव्हता. मागच्या आवारात गेलो.

वीस इंची गाडीवर निहू उभी होती. इशिताची हाफ पँट, डोक्यावर हेल्मेट. समोर दोन विटा, मग लाकडी फळ्यांचा सांगाडा, मग टाइल्सच्या खोक्यांचा उतार. ती विटांवरून गेली. सांगाड्यावर चढली, तिथे थांबली, गाडी जागच्या जागी तोलून धरली, वळवली, उतरली. सवयीने मी मोजत होतो. पाय टेकला नाही. शून्य. संपूर्ण शून्य. सहा वर्षांची पोर, दोन आकार मोठी गाडी.

मी ओरडलो नाही. मी फक्त बघत होतो.

मग तिने मान वर केली आणि मला बघितलं. पाय टेकला. लगेच दुसरा. गाडी कलली आणि ती खोक्यांवर पडली.

लागलं नाही. सुमीतने धावत येऊन आधी तिला उठवलं, मग गाडीला. हेही नोंदवलं पाहिजे. मी त्याला म्हणालो, अरे, तिची कंबर फक्त बासष्ट आहे. तो माझ्याकडे बघतच राहिला. जिजाजी, म्हणाला, ही गाडी खड़े-खड़े चलाते हैं. बसायचंच नाही तर कमरेचं काय काम?

दोन महिने मी एका सीटची उंची मोजत होतो, जी या गाडीला जवळजवळ नाहीच. हे मीच चार जानेवारीला लिहिलंय. वहीत मागे जाऊन बघितलं. माझ्याच अक्षरात.

सतरा नियम खिशातच राहिले.

८ मार्च, रविवार. रंगपंचमी

सकाळी निहू आपणहून चौकटीशी जाऊन उभी राहिली. हाफ पँटमध्ये. घे माप, म्हणाली. एकोणसत्तर. मी पट्टी धरून तसाच उभा. तिने मग परकर आणला, वरून चढवला आणि करून दाखवलं. परकराच्या आत गुडघे वाकवायचे. जरासे वाकवले की सहासष्ट. आणखी वाकवले की त्रेसष्ट. पाय दुखतात पण जमतं, म्हणाली.

धान्याच्या पोत्याखालची वीट मी पकडली आहे. पेट्रोल पंपाचं मीटर पकडलं आहे. पंधरा वर्षांची नोकरी, आणि एक छापील परकर.

विचारलं, तुला गाडी नको होती का? हवी होती, म्हणाली, पण तू आणली असतीस तर तूच शिकवलं असतंस. मी म्हणालो, मग? मी रागावलो असतो का? ती म्हणाली, नाही रे. तू रागावत नाहीस. तू असं बघतोस. आणि तिने तो चेहरा करून दाखवला. डोळे मोठे, ओठ आत, मान पुढे. मग म्हणाली, तो चेहरा बघितला की मला वाटतं आता आपण पडणार. मग मी पडते.

शेवटी विचारलं, आईला माहीत होतं? ती म्हणाली, आईनेच सांगितलं, फार नको वाकवूस, डॉक्टरकडे नेतील.

नंतर बाथरूमच्या आरशात तो चेहरा करून बघायला गेलो. करावा लागला नाही.

खालून मुलं रंग घेऊन हाका मारत होती. गेलो नाही.

१४ मार्च, शनिवार. सकाळी ११, माधव नगर

वही सोबत आणली आहे. इथेच लिहितोय.

निहूने मला यायची परवानगी दिली. अट तिची: बाबाने भिंतीकडे तोंड करून बसायचं. सुमीतने कौतुकाने प्लास्टिकची खुर्ची आणली, झटकली आणि भिंतीसमोर मांडली. म्हणाला, जिजाजी, व्हीआयपी सीट. इशिताला बजावलंय की निकाल ओरडून सांगायचा नाही. गौरी मागे कुठेतरी उभी आहे. ती बघू शकते. तिचा चेहरा चालतो.

मागे वळलो नाही. एकदा वळावंसं वाटलं, तेव्हा खुर्चीच्या कडा धरल्या. घट्ट.

समोर भिंत. प्लास्टर दोन ठिकाणी फुगलंय. एक खिळा वाकडा. पाच मिनिटं झाली असावीत, किंवा पंधरा. ती विटांवर आहे की सांगाड्यावर, उभी आहे की पडली, की अजून सुरूच केलं नाही, काहीच समजत नाही. गाडीचा आवाज येत नाही.

फायद्यांच्या यादीत मी तो मुद्दा पहिला लिहिला होता.