कागोशिमाहून आणलेला खाऊ

प्रिय सात्सुकी,

आत्ता सकाळचे अकरा वाजलेत आणि तुला सांगून निघालो त्याप्रमाणे मी मात्सुयामाच्या वाटेवर असायला हवा. प्रत्यक्षात मी कामाता स्टेशनच्या मागे, ग्योझाच्या करंज्या तळणाऱ्या खाणावळीवरच्या दुसऱ्या मजल्यावर, एका पडद्यासमोर बसलोय. एवढं एक वाक्य लिहायला मी दोनदा उठलो, पाणी पिऊन आलो, खिडकी उघडली, परत लावली. तू नेहमी म्हणतेस ना, पाय हलवू नका, दारिद्र्य येतं? तो पाय सकाळपासून थांबतच नाहीये.

इथे तासाच्या बोलीवर विमान उडवण्याचा खेळ खेळायला मिळतो. खरी वाटावी अशी खुर्ची, सुकाणू, पायाखाली पॅडल, सगळं आहे. त्या खेळाला एक जोड मिळते, ती घेतली की नुसतं मजेत उडायचं नसतं, नोकरी करायची असते. शिकाऊ म्हणून लागायचं, बेटांवर टपाल पोचवायचं, चांगले शेरे मिळवत बढती घ्यायची. तेवीस वर्षं खरं विमान चालवलेल्या तुझ्या नवऱ्याला पहिल्याच दिवशी शेरा मिळाला, ‘उतरणं धसमुसळं, प्रवासी नाराज.’ या खेळघराच्या मालकीण ओकुनोबाई साठी उलटलेल्या आहेत, पण जिभेला धार आहे. मागून वाचून म्हणाल्या, “सावातारीसाहेब, आधी ट्रकवर होतात की काय?” मी म्हटलं, “तसंच काहीसं.” आणि घाम फुटेपर्यंत तेच उतरणं सात वेळा केलं. आता मला मोठं विमान मिळालंय, त्याचा मला आनंद होतो आणि आनंद झाल्याची लाज वाटते.

जूनमधली वार्षिक तपासणी आठवते? मी येऊन नुसतं “छान” म्हटलं होतं. छान झाली नव्हती, सात्सुकी. माझ्या हृदयाचा ठोका मधूनच चुकतो. डॉक्टर फार सभ्य माणूस, टेबलावरच्या पेनाकडे बघत म्हणाले, “जगायला काही अडचण नाही. विमान उडवायला मात्र आहे.” कधीपर्यंत, असं मी विचारलं, तर त्यांनी पेन उचलून खिशाला लावलं. कंपनीने तीन महिन्यांची रजा दिली. त्यानंतर जमिनीवरची नोकरी, नव्या मुलांना शिकवायची. तुला त्याच संध्याकाळी सांगणार होतो. पण दारात तू विचारलंस, “उड्डाण कसं झालं?” आणि तोंडून सवयीनं निघालं, छान. मग दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन निघणं आलंच.

रात्रीचा मुक्काम नसलेलीच उड्डाणं हल्ली मिळतात, असं मी ठोकून दिलं. तू म्हणालीस, “बरं झालं बाई.” पण रिकाम्या हातानं घरी कसं येणार? इतक्या वर्षांत ज्या गावी उतरलो तिथला खाऊ आणला नाही असं झालं नाही, आणि शेजारच्या हामानोबाईंचाही त्यात वाटा ठरलेला. तेव्हा दुपारी खेळ संपला की मी शहरातलाच यूराकुचो भाग गाठायचो. तिथे एकेका प्रांताची दुकानं आहेत, गाव सोडून आलेल्यांसाठी. आकिताला उडालो की आकिताच्या दुकानात, कोचीला उडालो की कोचीच्या. खेळातलंच गाव, पण दुसऱ्या गावचा खाऊ कधी घेतला नाही, एवढा प्रामाणिकपणा पाळला. हसू नकोस. कोटाला ग्योझाचा वास यायचा तेव्हाही तू हसत विचारलं होतंस, “अहो, हल्ली विमानात ग्योझा वाढतात का?”

आणि मग कागोशिमा. त्या दिवशी दक्षिणेत वादळ होतं, पण खेळात मी हवामान निरभ्र ठेवलं होतं आणि डोक्यातही तेच राहिलं. सुरेख उतरलो, शेरा ‘उत्तम’ मिळाला, उड्या मारत करुकान केकचा खोका घेऊन घरी आलो. टीव्हीवर कागोशिमाचा विमानतळ दाखवत होते. दिवसभर बंद, उलटीपालटी झालेली खुर्च्यांची रांग, एकही विमान नाही. माझ्या हातात तिथला खाऊ. तू रिमोट घेऊन स्वयंपाकाचा कार्यक्रम लावलास, केक कापलास, एक तुकडा खाल्लास आणि म्हणालीस, “ताजा आहे हो.” मला वाटलं, वाचलो. इतका मी मूर्ख.

गेल्या रविवारी हामानोबाईंकडे द्यायला तू खोका बांधून ठेवला होतास. उचलला तर तळाला डिंकाचा चौकोनी डाग. यूराकुचोच्या दुकानाचं, पत्ता छापलेलं लेबल तिथे असणार. मी घाईत खालची बाजू कधी बघितलीच नव्हती, आणि तू एकेक लेबल नखानं खरवडून काढत होतीस, हामानोबाईंना कळू नये म्हणून. किती खोके झाले असतील? चाळीस? मी तो खोका तसाच ठेवला आणि बाल्कनीत जाऊन नुसता येरझारा घालत राहिलो. तू काहीच कसं विचारलं नाहीस, याचा आधी राग आला. मग राग कुणाचा ते कळलं.

आज खेळात माझं नोकरीचं वर्ष पूर्ण झालं. मात्सुयामाला निघायच्या आधी पडद्यावर आलं, ‘वार्षिक वैद्यकीय तपासणी.’ खाली एकच बटण. ते दाबलं की उत्तीर्ण, दुसरा पर्यायच नाही. अर्धा तास बोट वर धरून बसलो. ओकुनोबाई म्हणाल्या, “दाबा की, काय घाबरताय? सगळेच पास होतात.” माझ्याच्याने दाबवलं नाही गं. यंत्र बंद केलं आणि बाईंकडे कागद मागितला.

खरं तर हे पत्र सकाळीच सुरू झालं होतं, आपल्या दारात. मी बूट घालत होतो आणि तू मागून म्हणालीस, “आज फार लांब जाऊ नका. जवळचंच काहीतरी आणा.” मी वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर तिथेच बसलो असतो. जवळचं म्हणजे तुझ्यासाठी काय आणायचं, ते इथवर लिहिल्यावर कळलं. चार वाजता येतो. हातात खोका नसेल, हे पत्र असेल. मी चहा टाकतो, तोवर तू वाच. फक्त दारात ‘उड्डाण कसं झालं’ असं विचारू नकोस. विचारलंस, तर मी पुन्हा ‘छान’ म्हणेन.

तुझाच, आणि आता जमिनीवरचा,
योशिहिसा