लॉन्ड्रीतल्या बायांचे कागद

बाई,

तुम्हाला तोंडावर मी बाई एकदाच म्हटलं. क्लासचा पहिला दिवस होता. आत येत मी ‘गुड ईव्हनिंग, बाई’ म्हणाले, तुम्हाला ते इंग्रजी ‘बाय’ ऐकू आलं, आणि मी आल्या आल्याच निघाले असं वाटून तुम्ही म्हणालात, अगं, चहा तरी घेऊन जा. नंतर बाकीच्यांसारखी मीही तुम्हाला नावाने हाक मारायला लागले, पण घरी ह्यांच्याशी बोलताना तुम्ही कायम ‘आमच्या बाई’च होतात. तुम्हाला जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. तुम्हाला मराठीचं अक्षर येत नव्हतं, तरी मराठीतच लिहितेय, कारण इंग्रजी लिहिताना मी अजूनही पाठ ताठ करून बसते आणि आज मला तसं बसवत नाही.

तो आमचा ब्रिस्टलमधला पहिला हिवाळा. हे विमानाच्या कंपनीत इंजिनिअर, अंधारात जायचे, अंधारात यायचे. मी नागपूरहून एम.ए. करून आलेली, घरात रेडिएटरवर मोजे वाळवत बसायची. लायब्ररीत तुमच्या वर्कशॉपचं पत्रक दिसलं : बायकांना फिल्म बनवायला शिकवतो, फी नाही. जुन्या शाळेच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक किचन. तुम्ही आणि तुमच्या दोन मैत्रिणी, तिघी ब्लॅक, तिघींचा जन्म ह्याच शहरातला, आणि तरी टीव्हीच्या ऑफिसात गेलात की रिसेप्शनवर विचारायचे, क्लीनिंगसाठी आलात का? हे तुम्ही हसत सांगायचात. त्या संध्याकाळी तुम्ही खारवलेला मासा शिजवत होतात. मला बघून खिडकी उघडलीत आणि म्हणालात, सॉरी, इंडियन लोकांना हा वास चालत नाही. मी सांगितलं की आमच्या बौद्ध वस्तीत रविवारी घरोघरी सुकट असायची, फक्त इथल्या मराठी बायकांसमोर मी ते बोलत नाही. का, असं तुम्ही विचारलं नाहीत. खिडकी लावलीत आणि दुसरी प्लेट काढलीत.

तुमची फिल्म तेव्हा चालू होती, हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत आयुष्य काढलेल्या बायांवरची. तरुणपणी जमैकाहून, बार्बाडोसहून बोटीने आलेल्या, आता म्हाताऱ्या झालेल्या. त्यांच्या तासन् तास मुलाखती तुम्ही टेपवर घेतल्या होत्या. फिल्ममध्ये प्रत्येकीची चारदोन मिनिटंच येणार होती, म्हणून बाकीचं कागदावर उतरवून ठेवायचं. टेप परवडत नसत, एक उतरवून झाली की तिच्यावरच पुढची मुलाखत घ्यायची. मला टायपिंग येत होतं, तुम्ही ते काम मला दिलंत.

मी ते ‘नीट’ केलं. क्रियापदं जागेवर आणली, वाक्यं पुरी केली, तेच तेच शब्द गाळले. मला खरंच वाटत होतं की मी त्या म्हाताऱ्यांची इभ्रत राखतेय. शाळेत ‘आई स्वयंपाक करून राहिली’ असं घरच्या नागपुरी बोलीत बोलले म्हणून मला वर्गासमोर उभं केलं होतं, तेव्हापासून शुद्ध बोलणं म्हणजेच मान हे डोक्यात पक्कं बसलेलं. तुम्ही माझी पहिली पानं वाचलीत आणि टेबलावर ठेवलीत.

‘ह्या बायांनी जन्मभर दुसऱ्यांच्या चादरींना इस्त्री केली,’ तुम्ही म्हणालात, ‘आणि तू त्यांनाच इस्त्री केलीस.’

आवाज चढला नव्हता. टेप अजून पुसल्या नव्हत्या. हेडफोन माझ्या कानाला लावून तुम्ही शेजारी बसलात. एक म्हातारी बोटीतून उतरल्याचं सांगतेय. ती ‘मी उतरले’ म्हणत नाही, ‘मी उतरते’ म्हणते. तिच्या बोलीत झालेलं आणि होत असलेलं एकाच शब्दात मावतं. अजून ती उतरतेच आहे, धक्क्यावर थंडी आहे, तिचा कोट पातळ आहे. मी सगळं भूतकाळात नेऊन पुरलं होतं. तो पूर्ण हिवाळा आपण दोघींनी सगळं पुन्हा उतरवलं, हाताने, पेन्सिलीने, खोकला आणि उसासेसुद्धा धरून. माझी टाइप केलेली पानं मी शरमेने घरी नेली आणि पासपोर्टच्या कपाटात तळाशी टाकली.

फिल्म चर्चच्या हॉलमध्ये दाखवली, सगळ्या जणी हॅट घालून आल्या होत्या. टीव्हीवाल्यांनी ती गोड शब्दांत परत केली. मग ग्रँट थांबली, वर्कशॉप बंद झालं आणि सगळे कागद तुमच्या भावाच्या गॅरेजमध्ये गेले. तुमच्या पोटात गाठ निघाली तेव्हाही तुम्ही पुढच्या फिल्मची स्क्रिप्ट खरडत होतात. तुमच्या फ्यूनरलला भाऊ मला म्हणाले, मी एकही कागद फेकणार नाही, कुणीतरी विचारत येईल. रिटायर्ड बस ड्रायव्हर माणूस, त्यांना काय ठाऊक गॅरेजचं छप्पर गळेल ते. कुणीच विचारत आलं नाही. मीही ख्रिसमसचं कार्ड पाठवायचे, तेवढंच.

गेल्या वर्षी तुमच्या भाच्याचा फोन आला. भाऊंना आता माणसं ओळखू येत नाहीत, त्यांना केअर होममध्ये ठेवलंय, घर विकायचंय. त्याच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता. आत्या गेली तेव्हा मी लहान होतो, म्हणाला, ह्यात काय आहे तेच मला कळत नाही, तुम्हाला हवं असेल तर न्या. माझी लेक ब्रॅकनेलहून गाडी घेऊन आली. खोके उचलले तर तळच खाली राहिला. फिल्म आतल्या आत सडली होती, डब्यातून व्हिनेगरचा भपकारा आला. मुलाखतींचा खोका तिने उघडला, आत हात घातला आणि तिच्या इथल्या मराठीत म्हणाली,

‘आई, हा पेपर्स सगळी एकत्र चिकटलीये.’

पानं उरलीच नव्हती. पाणी झिरपून झिरपून एक करडी वीट झाली होती, काळ्या बुरशीची. कोपऱ्यातून एक पान सोडवायला गेले तर ते पिठासारखं बोटांना लागलं.

मी आर्काइव्हजना फोन केले, ईमेल लिहिल्या. एक म्हणाले आमच्याकडे आधीचंच बघून व्हायचंय, एक म्हणाले कॉपीराइट कुणाचा ते आधी ठरवा. शेवटी एक मुलगी आली. ब्लॅक फिल्ममेकर्सचे कागद गोळा करणं हेच तिचं काम, आणि तेही करार संपेपर्यंतच. तिने मास्क लावून आमच्या गॅरेजमध्ये दिवसभर एकेक खोका पाहिला. सगळीकडे हेच चाललंय, म्हणाली, कुणाचं लॉफ्टमध्ये, कुणाचं शेडमध्ये, आणि आम्ही पोचतो तेव्हा असं. बुरशी आर्काइव्हमध्ये नेली तर तिथलं बाकीचंही जाईल. वीट सोडवायला तज्ज्ञ लागतात, त्यासाठी तिने अर्ज केला, तो नामंजूर झाला. पोस्टर, प्लास्टिकच्या फोल्डरमधली एक स्क्रिप्ट आणि थोडे फोटो, एवढं तिने घेतलं. मग विचारलं, आणखी कुठे काही कोरडं आहे का?

मी कपाटातून माझी पानं आणून दिली. तिचा चेहरा उजळला.

‘हे त्यांचं बोलणं नाही,’ मी म्हटलं. ‘हे माझं आहे.’

‘कॅटलॉगमध्ये तशी नोंद करू.’

‘काय नोंद?’

तिने जरा विचार केला. ‘भाषा संपादित.’

मी थोडे दिवस मागून घेतले. डायनिंग टेबलावर बसून त्या बायांचं बोलणं पुन्हा त्यांच्या तोंडात घालायचा प्रयत्न केला. ती बोटीवरची आठवली, आणखी दोन-तीन वाक्यं आठवली. त्यापुढे मीच रचत होते, ते निव्वळ सोंग होतं. मग चर्चमधून एकीच्या मुलीचा पत्ता काढला आणि तिच्या आईची मुलाखत तिला पाठवली. वाटलं, तिला तरी खटकेल, ती म्हणेल आई अशी बोलायची नाही, असं असं बोलायची. तिने फोन केला, रडत होती.

‘आईने हे सगळं कुणाला सांगितलं होतं हेच आम्हाला माहीत नव्हतं,’ ती म्हणाली. ‘आणि किती छान इंग्लिश बोललीय.’

मी थँक यू म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पानं देऊन टाकली. दिली नसती तर त्या बाया कुठेच उरल्या नसत्या, आणि दिली म्हणून उरल्या त्या ह्या. आता कुणी ती पानं वाचली तर त्यात त्या बोटीतून उतरल्या, कामाला लागल्या, थकल्या. सगळं होऊन गेलेलं, सगळं इस्त्रीचं. तुम्ही मला पुन्हा हेडफोन लावायला सांगाल, तर ऐकायला काही नाही.

बाकीचं गॅरेजमध्ये राहिलं. हिवाळ्यात बुरशी भिंतीवर चढली, ह्यांचा दमा वाढला. हे नुसते खोकत राहिले. मार्चमध्ये लेक आली आणि आम्ही सगळं कौन्सिलच्या टिपवर, कचरा डेपोवर नेलं. मी कागदांच्या स्किपकडे, त्या मोठ्या लोखंडी पेटीकडे निघाले तर तिथला माणूस म्हणाला, बुरशीचा कागद चालत नाही, जनरल वेस्टमध्ये टाका. मग आम्ही तिथे टाकला, गाद्या आणि तुटक्या खुर्च्यांवर. वीट मी स्वतः टाकली. ती वजनाला जड होती.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तुमच्या कबरीवर ठेवायला न्यावं असं एकदा मनात आलं, पण पावसात त्याचं काय होईल ते मला आता माहीत आहे. फक्त एवढं सांगायचं राहिलं. टिपवरून परतताना मला रडू फुटेल असं वाटत होतं. फुटलं नाही. गाडीतला वास गेला होता, लेकीने काच खाली केली, रेडिओ लावला, आणि मला हलकं वाटलं, बाई. खूप हलकं वाटलं.