पहिल्या बाकावरची जागा

कोल्हापूर, ता. १२ जुलै १९८१

ती. दादांस,
श्यामलाचा सा. न. वि. वि.

तुमची लेक वृषाली सुखरूप आहे, आणि माझ्या वाटणीचं दूधही तीच पिते. आमच्या अध्यापक विद्यालयाच्या सराव शाळेत ती तिसरीत छान रुळली. पहिल्या बाकावर, वर्गशिक्षिका तानाबाईंच्या अगदी समोर बसते. ऐकू येत नसलं तरी ओठांवरून पुष्कळ ओळखते. माझी नक्कल तर अशी करते की घरमालकीणबाई पदर तोंडाला लावून हसतात.

मी सध्या नव्या अभ्यासक्रमाच्या आखणीत बुडाले आहे. प्राथमिक शिक्षक तयार होतानाच, कमी ऐकणाऱ्या आणि सावकाश शिकणाऱ्या मुलांना त्याच वर्गात शिकवायलाही त्याने शिकावं, असा आराखडा आहे. सप्टेंबरात समिती नमुना पाठ बघायला येईल. पसंत पडला तर पुढच्या जूनपासून परवानगी. त्या पाठाला वृषाली हवीच. मूकबधिरांच्या निवासी शाळेतली तिची जागा तुम्ही धरून ठेवली आहे, ठाऊक आहे. पण दसऱ्यापर्यंत मला वेळ द्या. घरच्या माणसांत राहून, चारचौघांच्या शाळेत ती शिकेल.

वहिनींना नमस्कार. लोभ रागावूनसुद्धा राहू द्यावा.
आपली, श्यामला

मलकापूर, ता. २४ ऑगस्ट १९८१

चि. श्यामलास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू लहानपणी बाहुल्यांना ओळीत बसवून छड्या मारायचीस, आता शिक्षकांना ओळीत बसवतेस. प्रगती आहे!

तुझी वहिनी मात्र धुसफुसते. पोरगीला चार लोकांपुढं दाखवायला ती काय बाजारातली कालवड हाय का, असं तिचं म्हणणं. तरीही पिवळा फ्रॉक तिनंच शिवला आहे, सोबत पाठवतो. दसऱ्यापर्यंत थांबतो. पण श्यामला, पोरीला एकदा आशा लावलीस की मोडू नकोस. ती ओरडून सांगत नाही, म्हणून तिला लागत नाही असं नसतं.

प्रकृतीला जपावे. तुझा, दादा

कोल्हापूर, ता. १२ सप्टेंबर १९८१

ती. दादांस सा. न.

काल समिती येऊन गेली. पाठ सर्वांना पसंत पडला. हे वाचून खूष होऊ नका.

तपासणीच्या आदल्या दिवशी कच्च्या मुलांना उद्या येऊ नका म्हणून सांगायचं, ही शाळांची जुनी रीत. मी स्वतः शिक्षिका असताना तेच केलं. परवा घाईत मी तानाबाईंना सांगितलं की वर्ग तपासणीसारखा तयार ठेवा. त्यांनी ठेवला. शाळा सुटताना कच्च्या मुलांना उभं करून उद्या येऊ नका म्हणाल्या, आणि वृषालीला कळावं म्हणून हात हलवून दाखवला. मी पहाटेच तक्ते लावायला गेले होते. ती रोजच्यासारखी शेजारच्या मुलींबरोबर येईल, असं धरून चालले.

पाठ सुरू होताना पहिल्या बाकावर दुसरीच मुलगी दिसली. घर दोन गल्ल्यांवर आहे, कुणालाही पाठवता आलं असतं. पण साहेब खुर्च्यांवर बसले होते. मी पाठ तसाच चालू दिला. शेवटी एकांनी विचारलं की ऐकू न येणारी मुलगी यातली कोणती, इतकी मिसळून गेली आहे की ओळखूच येत नाही. दादा, मी हसून मान डोलावली.

घरी आले तेव्हा ती पिवळा फ्रॉक घालून उंबऱ्यात बसली होती. इतर मुली दप्तरं घेऊन जाताना तिनं सकाळी पाहिल्या होत्या. रडली नाही. आत जाऊन फ्रॉक काढला, घडी घालून ट्रंकेत ठेवला. मला स्वतःची शरम वाटते. तुम्ही तिला न्यायला आलात तर मी तोंड वर करून बोलणार नाही.

आपली, श्यामला

मलकापूर, ता. १६ सप्टेंबर १९८१

चि. श्यामलास आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तुझी वहिनी म्हणते की पोरगीला आजच्या आज घेऊन या, तिथं तिचं कोण न्हाय.

तुझी शरम मला पत्रात नको. समितीला कळव. जिथं मान डोलावलीस, तिथंच ती खाली घाल. मग पोरीचं काय ते बघू.

दादा

कोल्हापूर, ता. ४ ऑक्टोबर १९८१

ती. दादांस,
श्यामलाचा सा. न. वि. वि.

समितीला खरं ते लिहिलं. परवानगी थांबली. जानेवारीत पुन्हा पाठ होईल. प्राचार्य माझ्याशी बोलत नाहीत. तानाबाई रडल्या. त्या रिवाजाप्रमाणे वागल्या, त्यांना दोष कसा देऊ? घरी बसवलेल्या सगळ्या मुलांच्या घरी आम्ही दोघी जाऊन आलो. आराखड्यात शिक्षकांसाठी पहिलंच कलम आता हे घातलं आहे की तपासणीच्या दिवशी एकही मूल घरी ठेवायचं नाही.

वृषाली शाळेत जाते, पहिल्या बाकावरच बसते. पण रोज संध्याकाळी दप्तर भरून झालं की माझ्यासमोर उभी राहते आणि तानाबाईंनी त्या दिवशी हलवला होता तसा हात हलवून विचारते, उद्या जायचं ना? मी मान हलवून हो म्हणते. ती माझा चेहरा न्याहाळते आणि पुन्हा विचारते.

दसऱ्याला या. न्यायचं की ठेवायचं, ते तिलाच विचारा. ते ठरवायचा हक्क मला उरलेला नाही. जमल्यास लोभ असू द्यावा.

आपली, श्यामला